आंबणं वेगळं, मुरणं वेगळं: घरच्या बिअरला वेळ कशासाठी लागतो

फर्मेंटरमधून, म्हणजे बिअर आंबते त्या बादलीतून, पेलाभर काढून चाखली तेव्हा बिअर चांगली होती. जरा कोवळी, जरा गोडसर, पण नाव ठेवावं असं काही नव्हतं. आठव्या दिवशी बाटल्यांत भरली. दोन आठवड्यांनी पहिली बाटली उघडली, ग्लास नाकाशी नेला, तर लोण्याचा वास. साय विरजून, घुसळून घरी काढलेल्या लोण्याला येतो ना, तोच. भरताना नसलेलं लोणी बंद बाटलीत आलं कुठून?

या एका प्रश्नाचं उत्तर नीट कळलं, तर बिअरला वेळ कशासाठी द्यायचा हे बरंचसं कळतं. म्हणून ते जरा सावकाश सांगतो.

मी मिशिगनमध्ये राहतो आणि घराच्या तळघरात बिअर बनवतो, एका वेळी १९ लिटर. अमेरिकेत याला मुभा आहे. ऑक्टोबर १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी सही केलेला कायदा फेब्रुवारी १९७९ पासून लागू झाला, आणि दोन प्रौढ माणसं असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५७ लिटर बिअर स्वतःपुरती करता येऊ लागली. विकायची मात्र नाही. महाराष्ट्रात घरी करायची सोय नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे. तिकडच्या वाचकांनी हे सगळं मायक्रोब्रुअरीत समोर आलेला ग्लास ओळखण्यासाठी वाचावं. त्यासाठीही ते तितकंच कामाचं आहे.

नव्यानं बिअर करू लागलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती दिवस ठेवायची? किटच्या डब्यावर उत्तर छापलेलंही असतं. एक आठवडा बादलीत, दोन आठवडे बाटलीत. मला हे उत्तर पटत नाही. कॅलेंडरवरचे दिवस बिअर बनवत नाहीत. आत प्रत्येक टप्प्याला कोणी ना कोणी कामाला लागलेलं असतं. ते काम संपेपर्यंत थांबायचं. आणि काम करणारं कोणी उरलंच नसेल, तर नुसतं थांबून बिअर सुधारत नाही; बहुतेक वेळा बिघडते.

आपल्याकडे या टप्प्यांसाठी दोन आयते शब्द आहेत. पीठ आंबतं आणि लोणचं मुरतं. इडलीचं पीठ आंबतं तेव्हा ते डोळ्यांना दिसतं: वर येतं, फसफसतं, वास बदलतो. लोणचं मुरताना बरणीकडे बघून फारसं काही कळत नाही, पण तिखट, मीठ, मोहरी यांचा एकेकटा चटका जाऊन सगळ्यांची मिळून एक चव होते. बिअर आधी आंबते, मग मुरते. ब्रुअर ज्यांना फर्मेंटेशन आणि कंडिशनिंग म्हणतात ते हेच. घोटाळा होतो तो एकाचं काम दुसऱ्यावर ढकलल्यामुळे.

पहिले तीन दिवस

सुरुवात गोड काढ्यापासून होते. सातू भिजवून, मोड आणून, वाळवला की त्याचा माल्ट होतो. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून ठेवतात, त्यातलीच ही रीत. माल्ट भरडून साधारण ६६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवला की धान्यातलेच एन्झाइम पिठूळपणाची साखर करतात. ते पाणी गाळून घ्यायचं, हॉप्स, म्हणजे कडवटपणा आणि सुगंध देणारी एका वेलीची फुलं, घालून तासभर उकळायचं, झटकन गार करायचं आणि यीस्ट घालायचं. या गोड काढ्याला वर्ट म्हणतात.

पहिले काही तास शांत जातात. यीस्ट वर्टमधला ऑक्सिजन ओढून घेतं आणि नव्या पेशींच्या आवरणांची तयारी करतं. मग पेशी वाढायला लागतात, दोन दिवसांत कितीतरी पट होतात. वर फेसाची जाड पिवळट साय धरते, एअरलॉक, म्हणजे वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न येऊ देणारी झाकणावरची पाण्याची नळी, बुडबुडत राहतो आणि बादलीला हात लावला तर कोमट लागते. साखरेचं मद्य होताना उष्णता सुटते. खोलीत २० अंश असेल तर बादलीच्या आत सहज २३-२४ असतात, आणि यीस्टला खोलीचं तापमान कळत नाही, आतलंच कळतं.

चवीच्या दृष्टीनं सगळ्यात मोठे निर्णय याच दोन-तीन दिवसांत होतात. यीस्ट भराभर वाढत असतं तेव्हा साखरेचं मद्य करता करता ते आणखी दोन प्रकारचे पदार्थ बनवतं. एक म्हणजे एस्टर, फळांचे वास. पिकलेल्या केळ्याचा वास ज्यामुळे येतो ते आयसोअमाइल ॲसिटेट यांपैकीच, आणि नेलपॉलिशच्या बाटलीचा वास ज्यामुळे येतो ते इथाइल ॲसिटेटही यांपैकीच. थोडं असलं तर फळाची झाक, जास्त झालं तर रंगाचं दुकान. दुसरा प्रकार फ्युझेल अल्कोहोलचा. साध्या मद्यापेक्षा मोठे रेणू, घशाला चटका देणारे, दुसऱ्या दिवशी डोकं जड करणारे म्हणून बदनाम. वर्ट गरम असेल किंवा यीस्ट कमी पडलं असेल, तर हे दोन्ही वाढतात. आणि हे सगळं बहुतेक पहिल्या ७२ तासांत होऊन जातं.

माझी पहिली उन्हाळी पेल एल जुलैत आंबली. एल म्हणजे खोलीच्या उबेत आंबणारी बिअर, पेल म्हणजे फिकी. तळघराचं एसी बंद होतं, बादलीला चिकटवलेली थर्मामीटरची पट्टी २८ दाखवत होती. तिसऱ्या दिवशीच वासात रंगाचा थिनर जाणवला. एका अनुभवी माणसानं धीर दिला, ठेव, सहा महिन्यांत मुरेल. मी सहा महिने ठेवली. हॉप्सचा वास उडाला, फेस चांगला धरला, चटका तसाच राहिला. आज कारण कळतं: यीस्ट फ्युझेल अल्कोहोल पुन्हा उचलून खात नाही. ते साफ करायला बाटलीत कोणीच नसतं. आंबताना झालेली ही चूक मुरण्यानं निघत नाही, हे त्या १९ लिटरनी मला शिकवलं.

उपाय साधा आहे आणि आपल्या घरात सगळ्यांनी पाहिलेला आहे. माठाला ओलं फडकं गुंडाळतो तसं बादलीला सुती कापड गुंडाळायचं, बादली पाण्याच्या टबात ठेवायची, कापडाचं टोक पाण्यात बुडू द्यायचं. टबात सकाळ-संध्याकाळ बर्फ झालेली पाण्याची बाटली सोडायची. पहिले तीन दिवस आतलं तापमान १८-१९ ला धरलं की अर्धी लढाई जिंकली. नंतर २०-२१ पर्यंत चढू द्यावं, ते का ते पुढे येईलच. याला अपवाद जर्मन गव्हाच्या बिअरचा. हेफेवायझनला केळं आणि लवंगेचा वास हवाच असतो, तिथे यीस्टच तशा जातीचं निवडतात. पण तिथेही थिनर कोणालाच नको असतो.

लोण्याचं कोडं

आता त्या बाटलीकडे. यीस्टला वाढायला व्हॅलिन नावाचं अमिनो आम्ल लागतं, ते यीस्ट स्वतः बनवतं. बनवण्याच्या वाटेवर अल्फा-ॲसिटोलॅक्टेट नावाचा एक पदार्थ तयार होतो आणि त्यातला थोडा पेशीतून बाहेर गळतो. त्याला ना वास ना चव. पण बाहेर बिअरमध्ये आल्यावर तो आपसूक, यीस्टच्या मदतीशिवाय, हळूहळू बदलतो आणि त्याचं डायअसिटिल होतं. डायअसिटिल म्हणजेच लोण्याचा वास. लोण्यासारखा नव्हे, तोच; विरजणातले काही जिवाणू नेमका हाच पदार्थ तयार करतात. लिटरमागे मिलिग्रॅमचा दहावा भाग एवढंसं असलं तरी माणसाच्या नाकाला लागतं.

इथवर वाईट बातमी. चांगली बातमी अशी की यीस्टला डायअसिटिल उचलता येतं. साखर संपत आली की ते डायअसिटिल आत घेतं आणि त्याचे असे पदार्थ करून टाकतं ज्यांची चव आपल्याला कळतच नाही. म्हणजे इथे एकामागून एक दोन कामं आहेत. आधी त्या बिनवासाच्या पदार्थाचं डायअसिटिल व्हायला हवं, हे काम रासायनिक आणि संथ. मग यीस्टनं ते उचलायचं, हे काम झटपट, पण यीस्ट जागं हवं आणि बिअरभर तरंगत हवं. सगळा वेळ जातो तो पहिल्या, संथ कामात. ते उबेत लवकर होतं, गारठ्यात फार हळू.

मी काय केलं होतं? बुडबुडे थांबल्यावर सातव्या दिवशी बादली गार जागेत नेली, गाळ लवकर बसावा म्हणून. गाळ बसलाही, बिअर निवळली, मला आनंद झाला. पण तो गाळ म्हणजेच यीस्ट होतं. झाडणारी माणसं मी घरी पाठवली आणि कचरा अजून पडायचा होता. बाटलीत उबदार खोलीत तो पदार्थ बदलत गेला, लोणी झालं, आणि बाटलीत उरलेलं थोडंसं यीस्ट त्याला पुरं पडलं नाही.

यावर एक चाचणी आहे. ती मी आता प्रत्येक वेळी करतो. बिअर झाली असं वाटलं की झाकण असलेल्या दोन काचेच्या बरण्यांत थोडी थोडी काढायची. एक तशीच ठेवायची. दुसरी साधारण ६० ते ६५ अंशांच्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं बसवायची; या उबेनं लपलेल्या पदार्थाचं डायअसिटिल घाईघाईनं होऊन जातं. मग ती गार करायची, दोन्ही बरण्या सारख्याच गार झाल्यावर एकेकीचं झाकण उघडून वास घ्यायचा. दोन्हींत लोणी नाही, तर काम संपलं. तापवलेल्या बरणीत लोणी आणि साध्या बरणीत नाही, तर बिअर आज चांगली लागत असली तरी उद्या बिघडणार. बादली उबदार जागी आणखी तीन-चार दिवस राहू द्यायची आणि चाचणी पुन्हा करायची. माझ्या पहिल्या चाचणीत तापवलेल्या बरणीचं झाकण उघडताच बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "लोणी कढवतोयस का?"

दिवसांनी बिअर बनत नाही, याचा आणखी एक पुरावा इथेच सापडतो. अल्फा-ॲसिटोलॅक्टेट डीकार्बोक्झिलेज नावाचा एन्झाइम विकत मिळतो. तो घातला तर बिनवासाच्या पदार्थाचं डायअसिटिल होतच नाही, थेट पुढचा निरुपद्रवी पदार्थ होतो. संथ पायरीच काढून टाकली की थांबण्याचं कारणही जातं, आणि ब्रुअरीच्या टाकीतले कितीतरी दिवस वाचतात. मी तो वापरत नाही, मला घाई नसते. पण आपण नेमके कशासाठी थांबतो हे त्यानं स्वच्छ दाखवलं.

लोण्याचाच एक भाऊ आहे, हिरव्या सफरचंदाचा किंवा नुकत्याच चिरलेल्या लाल भोपळ्याचा वास. तो ॲसिटाल्डिहाइडचा. साखरेचं मद्य होताना मद्याच्या अगदी आधीचा हा थांबा. बिअर वेळेआधी यीस्टपासून वेगळी केली, तर तो तसाच मागे राहतो. यीस्टवर आणखी काही दिवस ठेवली की बहुतेक जातो. पहिले तीन दिवस थंड ठेवा आणि मग चढू द्या असं वर म्हटलं ते यासाठीच: घाण होण्याच्या वेळी यीस्टला आवरायचं, झाडलोट करण्याच्या वेळी त्याला ऊब द्यायची.

आंबणं संपलं हे बुडबुड्यांवरून ओळखू नये. बादलीचं झाकण नीट बसलं नसेल तर वायू तिकडून जातो आणि एअरलॉक गप्प राहतो. खोली तापली तर आंबणं संपल्यावरही साचलेला वायू निघतो आणि एअरलॉक बोलतो. हायड्रोमीटर बुडवावा. पाण्याच्या तुलनेत बिअर किती दाट आहे हे तो सांगतो; पाणी १.०००, साखर जितकी जास्त तितका आकडा मोठा. माझ्या नेहमीच्या पेल एलचं वर्ट १.०५० पासून सुरू होतं आणि १.०१२ ला येऊन थांबतं, म्हणजे मद्य जवळजवळ ५ टक्के. दोन-तीन दिवसांच्या अंतरानं दोनदा तोच आकडा आला, तरच साखर संपली.

आठवडा झाला की बिअर दुसऱ्या बादलीत काढावी, नाहीतर मेलेल्या यीस्टचा वास लागतो, असं जुने लोक सांगत. मोठ्या ब्रुअरीच्या उंच टाक्यांत तळाच्या यीस्टवर फार दाब आणि उष्णता येते, तिथे ती भीती खरी आहे. घरच्या बादलीत तीन-चार आठवडे काही होत नाही. उलट बादली बदलताना बिअरला हवा लागते, आणि आंबणं संपल्यावर हवा हा शत्रू आहे.

बाटलीतले आठवडे

आता मुरण्याकडे. बाटलीत भरताना लिटरमागे साधारण ६ ग्रॅम साखर थोड्या पाण्यात उकळून बिअरमध्ये मिसळतात. उरलेलं यीस्ट ती खातं, वायू बाहेर जाऊ शकत नाही, बिअरमध्ये विरघळतो. एक ग्रॅम साखरेचा जवळजवळ अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. २० अंशांना आंबलेल्या बिअरमध्ये आधीचा थोडा वायू असतोच. त्यात ही भर पडली की दर लिटर बिअरमध्ये सुमारे २.४ लिटर वायू मावतो. पेल एलला तेवढा पुरतो.

इथे थांबून एक गोष्ट ठामपणे सांगतो. आंबणं संपायच्या आत बाटल्या भरल्या, तर उरलेली साखरही बाटलीत आंबते. हायड्रोमीटरवर चार-पाच अंक शिल्लक असतील तर दाब दुप्पट होतो आणि काच फुटते. बाटली फुटते म्हणजे तडा जात नाही, तुकडे उडतात. माझ्या ओळखीतल्या एकाच्या हाताला टाके पडले आहेत. लोण्याचा वास सहन करता येतो, हे नाही. दोन सारखे आकडे मिळाल्याशिवाय झाकणं दाबू नका.

बाटलीत काय होतं हे बघायला मी एकदा एकाच पेल एलच्या बाटल्यांवर तारखा लिहिल्या आणि ठरवून एकेक उघडत गेलो. चौथ्या दिवशी बिअर गोड आणि जवळजवळ सपाट. आठव्या दिवशी झाकण उघडताना जोरात फस्स आवाज आला, वाटलं झाली. पण ग्लासात ओतल्यावर मिनिटाभरात फेस गेला. वायू झाला होता, मात्र तो बाटलीच्या मानेत होता, बिअरमध्ये पुरता विरघळला नव्हता. चौदाव्या दिवशी फेस टिकला, पण जिभेवर कच्च्या कणकेची चव, कारण यीस्ट अजून तरंगत होतं. तिसऱ्या आठवड्यात तीन दिवस फ्रिजमध्ये उभी ठेवलेली बाटली उघडली आणि पहिल्यांदा माल्ट आणि हॉप्स एकत्र लागले. कडवटपणा होता, पण तो जिभेच्या मागच्या बाजूला एकटा बसून राहत नव्हता.

हे मुरणं म्हणजे काही जादू नाही. तुरटी फिरवलेल्या पाण्यासारखं बिअर निवळत जाते. यीस्ट खाली बसतं आणि सोबत हॉप्सचे कडवट चिकट कण घेऊन बसतं. गारठ्यात माल्टमधली प्रथिनं आणि तुरट पदार्थ एकमेकांना धरतात, जड होतात आणि तेही तळाला जातात. जिभेला जे खरखरीत लागत होतं ते कमी होतं, म्हणून चव गोल झाल्यासारखी वाटते. ओतताना शेवटचा बोटभर भाग बाटलीत ठेवायचा तो त्यासाठीच.

याच बॅचच्या बाटल्या मी पुढेही राखल्या होत्या. पाचव्या आठवड्यात ती सगळ्यात चांगली होती. तीन महिन्यांनी हॉप्सचा संत्र्यासारखा वास गेला आणि जागी मधासारखा गोडवा आला. सहा महिन्यांनी ओल्या पुठ्ठ्याचा वास.

लागर: गारठ्यातलं काम

लागर या नावातच मुरणं आहे. जर्मन भाषेत लागर्न म्हणजे साठवून ठेवणं. बव्हेरियात १५५३ साली असा नियम झाला की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करायची नाही. उन्हाळ्यातली बिअर नासायची. मग मार्चमध्ये जरा कडक बिअर करून ठेवायची, डोंगरातल्या तळघरांत, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतून कापून आणलेल्या बर्फाशेजारी, आणि ती उन्हाळाभर पुरवायची. तळघरावर सावली राहावी म्हणून वर चेस्टनटची झाडं लावली. त्या झाडांखाली बाकं आली आणि त्याला बिअरगार्टन म्हणू लागले. या गारठ्यात जे यीस्ट तगलं ते हळू काम करणारं, वेगळ्याच जातीचं. १८४२ मध्ये बोहेमियातल्या पिल्झनला योसेफ ग्रोल यांनी त्या पद्धतीनं सोनेरी बिअर केली, आणि १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिश्चन हान्सन यांनी लागरच्या यीस्टची एकच एक शुद्ध जात वेगळी काढली. आज जगात सगळ्यात जास्त पितात ती याच घराण्यातली बिअर.

घरी मी लागर १० ते १२ अंशांना दोन आठवडे आंबवतो. गारठ्यामुळे फळांचे वास फार कमी होतात, आणि त्याच गारठ्यामुळे लोण्याचं काम रेंगाळतं. म्हणून आंबणं संपत आलं की बादली दोन-तीन दिवस १६ ते १८ अंशांत आणायची. जाग आलेलं यीस्ट झाडलोट उरकतं. मग रोज थोडं थोडं उतरवत शून्याच्या जवळ न्यायचं आणि चार ते सहा आठवडे हात लावायचा नाही. लागरच्या यीस्टला सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा गंधकाचा वास येतो, नवखा माणूस घाबरून बादली ओतून देतो. देऊ नका. तो वायू आहे. बराचसा बुडबुड्यांबरोबर निघून जातो, उरलेला या आठवड्यांत विरतो.

लागरला लपायला जागा नसते. पेल एलमधली छोटी खोट हॉप्स झाकतात, फिक्या लागरमध्ये सगळं उघडं पडतं. म्हणून मला वाटतं, सुरुवातीलाच लागर करू नये. पाच-सहा वेळा एल करून नाक तयार झाल्यावर करावी.

थांबणं महागात पडतं तेव्हा

आंबणं संपल्यावर बिअरमध्ये शिरलेला ऑक्सिजन शांत बसत नाही. आधी हॉप्सचा सुगंध खातो, मग माल्टमधल्या पदार्थांना हात घालतो, आणि शेवटी तो ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. उष्णतेनं याची गती वाढते. तापमान दहा अंशांनी चढलं की दुप्पट-तिप्पट होते. म्हणून मुरून झालेली बिअर फ्रिजमध्ये ठेवायची आणि पारदर्शक किंवा हिरव्या बाटलीत उजेडात ठेवायची नाही. उजेडानं हॉप्सचा कडवटपणा फुटून जो वास येतो, त्याची तुलना इकडे स्कंक नावाच्या प्राण्याशी करतात. तपकिरी बाटली त्याला बऱ्यापैकी अडवते.

गव्हाची बिअर आणि भरपूर हॉप्स घातलेली गढूळ आयपीए (इंडिया पेल एल) या ताज्याच प्यायच्या. त्यांना मुरवत ठेवणं म्हणजे हापूस फ्रिजच्या मागे विसरून जाणं. आयपीएत आणखी एक गंमत होते. आंबणं संपल्यावर सुके हॉप्स घातले की त्यांच्यातले एन्झाइम न आंबलेल्या साखरा फोडतात, यीस्ट पुन्हा जागं होतं आणि लोण्याचा पदार्थ पुन्हा तयार होतो. चाचणीत पास झालेली बिअर हॉप्सनंतर नापास होऊ शकते. म्हणून सुके हॉप्स तीन-चार दिवसच ठेवायचे आणि दोन बरण्यांची चाचणी त्यानंतर पुन्हा करायची.

आयपीए हे नाव ज्या बिअरवरून पडलं, ती मात्र मुरवायचीच होती. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून केप ऑफ गुड होपला वळसा घालून मुंबई, मद्रास, कलकत्त्याला पिंपं यायची. चार ते सहा महिने समुद्र, विषुववृत्ताची उष्णता, आणि पिंपात जिवंत यीस्ट. लंडनच्या बो भागातले हॉजसन हे या व्यापारात आघाडीवर होते. मुंबई बंदरात पिंप उघडेपर्यंत आतली बिअर पुरती बदललेली असायची. १९०४ मध्ये कार्ल्सबर्गच्याच क्लाउसन यांनी अशा मुरवलेल्या इंग्लिश बिअरमधलं एक संथ यीस्ट ओळखलं आणि त्याला ब्रेटॅनोमायसिस म्हटलं, म्हणजे ब्रिटिश बुरशी. साध्या यीस्टला न पचणाऱ्या साखरा ते महिनोन्महिने खात बसतं. ब्रसेल्सजवळची लाम्बिक नावाची बिअर तर एक ते तीन वर्षं लाकडी पिंपांत असते, तीही याच्याच भरवशावर. वर्षानुवर्षं थांबायचं, तर वर्षानुवर्षं काम करणारा आत असावा लागतो.

एक बिअर माझ्या म्हणण्याला वेगळं वळण देते. मी एका हिवाळ्यात ११ टक्क्यांची बार्ली वाइन केली; नावात वाइन असली तरी ही कडक बिअरच. तिच्यात ब्रेटॅनोमायसिस नाही, आणि वर्षभरात बाटलीतलं साधं यीस्टही थकलेलं. तरी ती सुधारत गेली. तिथला कामगार ऑक्सिजन आहे, पेल एलचा पुठ्ठा करणारा तोच. पण या बिअरमध्ये भाजल्या माल्टचे दाट, गडद पदार्थ इतके आहेत की तो त्यांच्यात गुंतून राहतो, आणि पुठ्ठ्याऐवजी खजूर, मनुका, जुन्या शेरीसारखे वास येतात. कडवटपणा मात्र दरवर्षी थोडा कमी होतो, कारण हॉप्सची आम्लं तुटत जातात. म्हणून अशी बिअर पहिल्या वर्षी जरा जास्तच कडू करावी लागते. पहिल्या वर्षीच्या बाटलीत कडूपणा आणि गोडवा वेगवेगळे होते. दुसऱ्या वर्षी मनुका आली. तिसऱ्या वर्षी ग्लास रिकामा झाल्यावरही काचेला भिजवलेल्या खजुराचा वास राहिला होता, आणि धुवायचा म्हणून उचललेला ग्लास मी बराच वेळ हातातच धरून होतो.